सायकलची घंटी

चाळीस वर्षं सायकलवर हिंडलेल्या नवऱ्याचे पाय कंपवाताने जमिनीला खिळायचे, हात बसल्या जागी थरथरायचे. “धड चालता येईना आणि म्हणे सायकल,” बायको करवादली. “पाय जमिनीवर रुसलेत, पेडलवर नाहीत.” “पडलात तर सायकल भाच्याला देऊन टाकीन.” “कबूल,” म्हणत तो भिंत धरून परसात गेला. ती ओट्यापाशी कान टवकारून राहिली. मूठ धरताच थरथरत्या अंगठ्याखाली सायकलची घंटी किणकिणू लागली. पेरूखालची खार चित्कारत पळाली. घंटी वाजतेय म्हणजे स्वारी उभी आहे, एवढाच तिला धीर. अचानक घंटी थांबली. ती ओल्या हातांनीच धावली. सायकल पेरूभोवती फिरत होती. पायांना लय सापडली होती, घंटीवरचा अंगठा निवांत होता, खारही परतली होती. “बाजूला हो गं,” तो म्हणाला, “आता घंटी मुद्दाम वाजवावी लागतेय.”