मानेवरच्या गाठीचे पेढे

"डॉक्टर, काय असेल ते खरं सांगा. मी मन घट्ट करून आलेय," उज्ज्वला म्हणाली. लेकीच्या मानेवर, कानामागे, बोराएवढी गाठ आली होती. आठवडाभर उज्ज्वलाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, मग वेणी सोडून केसांत बॅटरी मारली. "उवा झाल्यात. खाजवून खाजवून डोकं चिघळलंय, म्हणून गाठ सुजली. औषध देते. डोकं बरं झालं की गाठही जिरेल."

"उवाच ना? नक्की?" उज्ज्वलानं चक्क हात जोडले.

येताना घेतलेले पेढे डब्यात भरून तिनं थेट शेजारच्या शैलावहिनींचं दार वाजवलं. महिन्यापूर्वी त्या "रेवाच्या डोक्यात बघ जरा" म्हणाल्या, म्हणून तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"कसले गं पेढे?"

"आमच्या रेवाला उवा झाल्यात!"

वहिनींनी हसू दाबत पेढे काढून घेतले. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात बारीक दातांची फणी ठेवली.

"आधी स्वतःच्या डोक्यातून फिरव. आल्यापासून खाजवतेयस."