वाटेकडे तोंड

ड्रायव्हर विदोयेनं दगडापाशी गाडी थांबवली, खाली उतरून टोपी काढली आणि मोठ्यानं वाचलं, "थांब वाटसरू. मी ओब्रेन, स्तामेनाचा एकुलता. ऐन विशीत लढाईवर गेलो, तिकडचाच झालो. माझी कबर कुणाला ठाऊक नाही. तू माझं नाव घे आणि सुखानं पुढं जा."

"ओब्रेन," असं म्हणून त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि टोपी पुन्हा चढवली. ज्याला कबर नाही त्याचा दगड वाटेवर लावायचा, वाटेकडे तोंड करून, ही या डोंगरातली जुनी रीत. घाईत असलेला ड्रायव्हरसुद्धा इथं निदान काच खाली करतो आणि नाव तेवढं घेतो. दगडावर निळ्या कोटातला शिपाई रंगवलेला आहे. त्याचा रंग दर ईस्टरला ताजा होतो.

नेवेन्का गाडीत बसून हसत होती. ती बेलग्रेडची. रस्ता रुंद करताना झाडं, ओढे, जुन्या वस्तू यांचं काय नुकसान होईल ते पाहायचं आणि ते टाळायचं, हे तिचं काम. वसंतात शाळेत गावाची बैठक झाली तेव्हा लोक धुळीवरून आणि आलुबुखारच्या बागांवरून तावातावानं भांडले होते. सगळे दमल्यावर म्हातारी स्तामेना उठली आणि एवढंच म्हणाली, "माझ्या दगडाला हात लावू नका." ते नेवेन्काच्या काळजाला भिडलं होतं. एका दगडासाठी एवढा खटाटोप कशाला म्हणून इंजिनिअरांनी तिची यथेच्छ टिंगल केली, पण अख्खा उन्हाळा तिनं किल्ला लढवला. शेवटी जिंकली. आज ती तेच सांगायला आली होती.

स्तामेना दगडासमोरच, आपल्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसलेली होती. पाहुणी दिसताच तिनं आतून अक्रोडाचा मुरंबा आणि थंड पाणी आणलं. विदोयेला राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला मिळाला. गाडी चालवायचीय, असं सांगत त्यानं तो रिकामाही केला.

नेवेन्कानं चमचाभर मुरंबा खाल्ला आणि बातमी सांगितली. दगडाला केसाइतकाही धक्का लागणार नव्हता. तो आता संरक्षित झाला होता, खुद्द सरकारलाही तो जागचा हलवता येणार नव्हता. म्हातारीनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ओठांना लावला. नेवेन्काला भरून आलं.

"आणि रस्ता?" स्तामेनानं विचारलं.

रस्ता टेकडीपलीकडच्या माळावरून जाणार होता. इथलं डांबर उखडून गवत लावायचं, खालचा जुना पूल काढून ओढा मोकळा करायचा, हेही नेवेन्कानंच मंजूर करून घेतलं होतं. "आता धूळ नाही, गोंगाट नाही," ती म्हणाली. "आजी, तुम्हाला आणि ओब्रेनला अगदी शांतता."

स्तामेनानं रस्त्याकडे नजर टाकली. मग तिनं विदोयेकडे पाहिलं. "तू रे? तूही तिकडूनच जाणार?"

"रस्ता जाईल तिकडं गाडी जाणार, मावशी." विदोये पेल्याच्या तळाशी बघत म्हणाला.

"मग दगड तिकडं न्या."

नेवेन्कानं चमचा खाली ठेवला. दगड आता हलवता येत नाही, हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना मावशी, हात लावू नका म्हणून?" विदोये म्हणाला.

"म्हणाले रे. मला वाटलं, रस्ता काय, रस्ता तर असणारच."

वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा रुमाल सरकला, तो तिनं नीट बांधला. "मला वाचता येत नाही, पोरी. पाठ आहे सगळं. पण मी म्हटलं तर ते माझंच बोलणं. परक्याच्या तोंडून आलं की वाटतं, कुणीतरी त्याची चौकशी करतंय."

नेवेन्का दगडाकडे पाहू लागली. उन्हाळाभर तिनं या दगडाची मापं घेतली होती, चारी बाजूंनी फोटो काढले होते. त्याच्यापुढं उभं राहून त्याचं नाव मात्र तिनं एकदाही घेतलं नव्हतं. त्याचं तिला फार वाईट वाटलं. ती उठली, रस्ता ओलांडून गेली आणि वाचू लागली. नाव मात्र तिनं हळूच घेतलं.

"ऐकू नाही आलं," बाकावरून स्तामेना म्हणाली.

नेवेन्कानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मोठ्यानं. स्तामेना डोळे मिटून ऐकत होती. नाव आलं तेव्हा तिनं हलकेच मान डोलावली. कुणी घरी येऊन खुशाली सांगितल्यावर डोलावतात, तशी.

ते निघाले तेव्हा स्तामेना गाडीपर्यंत आली. विदोयेच्या हातात तिनं मुरंब्याची बरणी दिली, नेवेन्कासाठी. मग खिडकीशी वाकली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच नेवेन्काला सोसवत नव्हतं.

"दगड हलवायचा नाही म्हणतेस, तर मीच जाऊन बसेन तिकडं. कुणी थांबलं तर सांगेन त्याचं नाव. बसायला सावली आहे का ग तिथं?"

नेवेन्काला त्या माळाचा कोपरान् कोपरा ठाऊक होता. तिथं एकही झाड नव्हतं. म्हणून तर तिनं रस्त्यासाठी तो निवडला होता.