जयची जागा

रस्ता संपला तिथे गाडी लावून दोघं डोंगर चढू लागले. पुढे गिरीश, मागे मनोहर. दोघांच्या अंगात नारिंगी जॅकेट, खांद्याला रायफल.

"हरणांचे मोठे नर रोडजवळ येतच नाहीत, काका," गिरीश हलक्या आवाजात म्हणाला. "गाड्यांचा आवाज ऐकून शहाणे होतात. जुना नर पाहिजे असेल, तर असं आत यावं लागतं."

"माहितेय. जय सांगायचा."

गिरीशने चालण्याचा वेग वाढवला.

जय मनोहरचा एकुलता एक मुलगा, गिरीशचा मित्र. काही वर्षांपूर्वी याच डोंगरात धुक्यामध्ये झुडूप हललं आणि गिरीशने गोळी झाडली. झुडपामागे हरीण नव्हतं, जय होता. अपघात, असा निकाल लागला. गिरीशने बंदूक कपाटात ठेवली ती ठेवलीच. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. गेल्या वर्षी अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या मराठी मंडळात, दिवाळीच्या फराळाला, तो कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसताना मनोहरला दिसला.

दुसऱ्या दिवशी मनोहरने त्याला फोन केला. "जयला आवडायची ती शिकार मला शिकायचीय. तूच शिकव."

गिरीश फोनवर रडला. मंडळात सगळे म्हणाले, काकांचं मन केवढं मोठं! मनोहरच्या बायकोने, सरलाने, मात्र त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

"त्या बाजूला नको जाऊ या, काका," फाटा आला तसा गिरीश म्हणाला. "पलीकडे चान्स जास्त आहे."

"जय बसायचा तिथेच बसू."

गिरीश निमूट वळला. त्याची रुंद पाठ मनोहरच्या समोरच चालत होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. इथे एक गोळी पुरे, हा विचार मनोहरच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण मेलेल्या माणसाला काही आठवत नाही. आणि गिरीशला आठवायला हवं होतं.

पडलेल्या ओकच्या खोडाआड दोघं बसले. थंडीने बोटं आखडली. बराच वेळ काही हललं नाही. मग समोरच्या उतारावर, झाडांच्या मधून, तो बाहेर आला. जाड मानेचा, थोराड नर. शिंगं एवढी पसरलेली, की फांद्यांतून वाट काढताना त्याला डोकं तिरकं करावं लागत होतं.

"काका, तुम्ही मारा," गिरीश कुजबुजला.

"नाही. तू मार. मला बघायचंय."

गिरीशने रायफल खोडावर टेकवली. डोळा दुर्बिणीला लावला. श्वास रोखला. नर वारा हुंगत थांबला, अख्खी कूस समोर. याहून सोपा नेम कुणाला मिळत नाही.

मनोहर त्याच्या कानाशी वाकला.

"नीट बघ, गिरीश. हरीणच आहे ना?"

गिरीशचं बोट जागच्या जागी थिजलं. पुढच्या क्षणी त्याने रायफल खाली सोडली, दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि तो खोडाआड कुशीवर कोसळला. घशातून निघालेला आवाज ऐकून नराने शेपटी उभारली आणि दोन उड्यांत तो दरीत उतरला.

"माझ्याकडून नाही होणार, काका. प्लीज, घरी जाऊ या."

मनोहर उठला. काखेत हात घालून त्याने गिरीशला उठवून बसवलं. त्याच्या जॅकेटला चिकटलेली ओली पानं एकेक करून काढली, माती हलकेच झटकली. लहान मुलाची झटकावी, तशी.

"होईल," तो म्हणाला. "उद्या परत येऊ. मी शेजारीच आहे."