कुत्रा कशासाठी हवा

“चावायला नको हो,” जावई म्हणाला. “चावला की दवाखाना आला, बायकोची रडारड आली. नुसता नकोसा व्हायला हवा. म्हातारीनं स्वतःहून म्हटलं पाहिजे, बास, मी चालले.”

केनेलवाल्यानं पेनचं टोपण काढलं आणि फॉर्म पुढ्यात ओढला. कुत्रे विकण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. कुत्र्यांबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. गिऱ्हाइकांबद्दल मात्र न बोललेलं बरं. कुणाला सोफ्याच्या रंगाला शोभणारं पिल्लू हवं असायचं, कुणाला शेजाऱ्याच्या कुत्र्यापेक्षा वीतभर उंच. घर केवढं, वेळ किती, फिरवणार कोण, याचा कुणाला पत्ता नसायचा. पण सासूला घालवायला कुत्रा मागणारा हा पहिलाच प्राणी.

“सासूबाई कधीपासून असतात सोबत?” त्यानं विचारलं.

“लग्न झालं त्या दिवसापासून! घरात पाऊल टाकलं आणि बघतो तर ही बाई आपली समोर. चार वर्षं झाली, हलायचं नाव नाही. नव्या जोडप्याला जरा मोकळं सोडावं, एवढी अक्कल नको?”

“घर स्वतःचं की भाड्याचं?”

“भाडं?” जावयाला हसू आलं. “आजवर एक पैसा भाडं दिलेलं नाही मी.”

केनेलवाल्यानं तेही लिहून घेतलं. उत्तरं गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायची त्याची पद्धत होती. नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणत कुणी भांडायला यायला नको.

“खोल्या किती?”

“चार. त्यातली सगळ्यात मोठी तिला. तिची कपाटं इतकी, की माझ्या बुटांना जागा नाही. मागे अंगण आहे, तर तिथेही तिचेच गुलाब.”

“दिवसभर घरी कोण असतं?”

“मी. आणि ती. बायको बँकेत जाते.”

“तुमचं काम?”

“सध्या दोन-तीन गोष्टी डोक्यात आहेत.”

केनेलवाल्यानं त्याच्या डोक्याकडे एकदा बघून घेतलं आणि पुढच्या रकान्याकडे वळला.

“लॅब्रॅडोर?”

“छे! तो सगळ्यांना आवडतो. तिलाही आवडेल.”

“पग घोरतो.”

“घोरेल, पण तिच्याच मांडीवर बसून घोरेल. मग काय उपयोग?”

“मग हस्की बघा,” केनेलवाला म्हणाला. “केस इतके गळतात, की चहात सापडतात. भुंकत नाही, लांब सूर काढून रडतो. आणि रोज दोन तास पळवला नाही तर जमीन उकरतो. गुलाब आठवडाभरही टिकायचे नाहीत.”

“हाच!” जावयानं टेबलावर थाप मारली. “अहो, हे आधी नाही का सांगायचं!”

“रोज पळवणार कोण त्याला?”

“कशाला पळवायचा? उकरू दे की!”

वीस वर्षांत केनेलवाल्यानं बरीच माणसं पाहिली होती. त्यातलं सगळ्यात वाईट वाणही त्याला आता कळलं.

“घर बघितल्याशिवाय मी कुत्रा देत नाही,” तो म्हणाला. “रविवारी सकाळी येतो. घरातली सगळी माणसं हजर पाहिजेत.”

“या की! म्हातारीचं तोंड बघायला तरी या.”

घरी जाऊन जावयानं बायकोला वेगळंच सांगितलं. आपण दोघं बाहेर गेलो की आई एकट्या असतात, त्यांच्या काळजीपोटी राखणीला कुत्रा आणतोय. बायको बिचारी खूश झाली. हा कधी नव्हे ते आपल्या आईचा विचार करतोय, एवढंच तिला कळलं.

रविवारी केनेलवाला दोन वर्षांचा हस्की घेऊन आला. त्यानं घर बघितलं, अंगण बघितलं आणि हॉलमध्ये येऊन बसला. समोर सासूबाई ताठ बसल्या होत्या. पाचच मिनिटांत त्यांचा निळा सोफा पांढरा झाला. मग कुत्र्यानं मान वर केली आणि असा काही सूर लावला, की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. जावयाला आभाळ ठेंगणं झालं.

“दिवसभर घरीच असणार का हा?” सूर संपल्यावर सासूबाईंनी विचारलं.

“हो, बाई.”

“काही काम करतो, की नुसता लोळतो?”

“कामाला लावला तर करतो. नाहीतर लोळतो आणि नासधूस करतो.”

“त्याची सवय आहे मला,” सासूबाई म्हणाल्या.

बायकोनं मान खाली घातली. जावयाचं लक्ष सोफ्यावरच्या केसांकडे होतं. ते बघूनच त्याचं पोट भरत होतं.

“आई, नको असेल तर तसं सांगा हं,” तो मधाळ आवाजात म्हणाला. “तुम्हाला त्रास व्हायला नको. पण मी तर आता ठरवून टाकलंय.”

केनेलवाल्यानं पिशवीतून फॉर्म काढला. “एक सही राहिली. घरमालकाची.”

जावयानं रुबाबात खिशातलं पेन काढलं. केनेलवाल्यानं फॉर्म त्याच्या नाकासमोरून पलीकडे नेला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

“फाटकावर तुमच्या नावाची पाटी आहे, बाई, तेव्हा सही तुमची लागेल. कुत्रा कशासाठी हवा ते वरच लिहिलंय, तुमच्या घरजावयाच्याच शब्दांत. वाचा आणि मगच करा.”

सासूबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. कसलीही घाई केली नाही. मग सही केली, फॉर्म लेकीच्या हातात ठेवला आणि कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा राहील.”