ओढ्यापलीकडची शेड

महिपतीआबांची तिरडी स्मशानाच्या फाटकाशी आली आणि फाटक काही उघडेना.

पाऊस सकाळपासून धो धो कोसळत होता. मावळातला श्रावण असाच. खाचरांत गुडघाभर पाणी, बांधांवरूनही पाणी. खांदेकरी ओढ्याच्या पुलावरून घसरत-सावरत आले होते. पुढे मुलगा बाजीराव, हातात विस्तवाचं मडकं. स्वतः भिजत त्याने छत्री मडक्यावर धरली होती. मागे आबांची बायको कस्तुराबाई. विसाव्यापासून बायका माघारी फिरतात, तशा बाकीच्या फिरल्या. ही फिरली नाही.

फाटकाच्या आत जानू उभा होता, आबांचा चुलतभाऊ. ओढ्यापलीकडची त्याची वस्ती आधीच महापालिकेत गेलेली. जमीन गेली आणि बदल्यात हे फाटक राखायचं काम मिळालं. गावाचं स्मशानही त्याच बाजूला. महापालिकेने तिथे शेड घातली, भिंत घातली, मग उरलेलं गावही हद्दीत घ्यायला निघाली. आबा कोर्टात गेले. महापालिकेला ओढा ओलांडता येणार नाही, असा निकाल घेऊनच परतले. त्या दिवशी ह्याच पोरांनी ह्याच खांद्यांवर घेऊन त्यांना गावभर मिरवलं होतं. गुलाल तेव्हाही होता. पाठोपाठ फाटकावर पाटी लागली : फक्त हद्दीतील नागरिकांसाठी.

"उघडा की, जानूकाका," बाजीराव म्हणाला.

"कॅमेरा हाये वर. मागल्या खेपेला उघडलं तर नोकरी जाता जाता वाचली." जानूचे डोळे रडून लाल झाले होते. "टेम्पो सांगतो. सोमाटण्याला नेऊ. तितं कुनी इचारत न्हाई."

सोमाटण्याचा रस्ता आबांच्या दारावरून जात होता.

"माघारी न्यायचं?" कस्तुराबाई म्हणाली. "त्येंला घर दाखवायचं आन् आत घ्यायचं न्हाई?"

"मग शेतात, बांधावर..." कुणीतरी म्हणालं, आणि खाचरांकडे बघून आपणच गप्प झालं.

संताप येतो तो एका गोष्टीचा. शेड रिकामी होती. कोरडी लाकडं रचून ठेवलेली होती आणि त्यांच्या आडोशाला एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून आरामात झोपलं होतं. त्याला कुणी पत्ता विचारला नव्हता.

जानू गजांजवळ आला. "वैनी, एक हाये. आबा माझ्या घरी वारलं म्हनून सांगतो. माझा पत्ता लावतो. पालिकेचा सायेब फोनवर व्हय म्हनंल."

"न्हाई!" बाजीराव ओरडला. "आबांनी उभी हयात घातली ह्यात. आन् आज त्यांना शेरातलं करायचं? त्यापरीस..."

तिरडीखालच्या पोरांनी खांदे बदलले. बांबूंवरून पाणी त्यांच्या मानेवर ठिबकत होतं.

कस्तुराबाईने मडक्यात डोकावलं. गोवऱ्यांची राख झाली होती. तळाशी एकच निखारा उरला होता, तोही विझत चाललेला. ती तिरडीकडे वळली. पावसाने गुलाल धुऊन नेला होता आणि आबांचं तोंड अगदी स्वच्छ दिसत होतं. झोपेतून उठवलं तर भांडायला उभे राहतील असं.

"लाव फोन," ती जानूला म्हणाली.

"आये!"

"तू गप ऱ्हा. त्येंच्या कोर्टाच्या समद्या खेपांना भाकरी मी बांधून दिली हाये. त्येंला काय वाटंल ते मला नगं सांगू. इस्तू इझला तर कुटनं आनशील?"

जानूने फोन स्पीकरवर टाकला. आबांचं नाव सांगितलं, वय सांगितलं, स्वतःचा पत्ता सांगितला. सांगताना त्याने तिरडीकडे पाठ केली होती. पलीकडे कपात चमचा वाजला आणि कंटाळलेला आवाज आला, "शहरात कधीपासून राहत होते?"

जानूने वळून वहिनीकडे बघितलं.

कस्तुराबाईने पुढे होऊन आबांच्या छातीवर हात ठेवला.

"आजपासनं म्हन," ती म्हणाली. "आजपासनं ऱ्हायला आल्यात."