डॉक्टरबाईंचं अक्षर

तिसऱ्या दिवशीही चिठ्ठी टाइप केलेलीच आली, तेव्हा औषधाच्या दुकानातल्या भाऊंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"बाईंनी हातानं लिहिणं सोडलं," ते म्हणाले.

"बरं झालं." बायको गोळ्यांच्या पट्ट्या कपाटात लावत होती. "तीस वर्षं ते कावळ्याचे पाय तुम्ही एकटेच वाचत आलात. आता चिठ्ठ्या कुणालाही वाचता येतील."

भाऊंना ते लागलं. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंच्या अक्षरात त्यांना बाईच बोलताना ऐकू येत. दुखणं साधं असेल तर रेघ पळायची. काळजीचं असेल तर औषधाच्या नावाआधी पेन टेकून थांबल्याचा ठिपका दिसायचा. तसा ठिपका दिसला की भाऊ रोग्याशी हळू आवाजात बोलत. टाइप केलेल्या चिठ्ठीत खोकला आणि कॅन्सर एकाच मापाचे.

ते स्वतःही हातानंच लिहीत. मुलानं आणलेलं लेबलांचं मशीन काउंटरखाली धूळ खात होतं. प्रत्येक पाकिटावर भाऊंच्या हातचं, 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.'

"भाऊ, यावर काय लिहिलंय?" एका आजींनी पाकीट पुढे केलं.

"आजी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

"मागच्याच महिन्यात नवा केला की रे," आजी पुटपुटल्या. भाऊंनी तोंडी समजावलं.

दुपारी त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांचा डबा काढला. वर्षभराच्या चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या आणि पुन्हा पहिलीपासून पाहिल्या. बाईंचं अक्षर महिन्यागणिक मोठं होत गेलं होतं. शेवटी तर पहिलीतल्या पोरासारखं, एकेक अक्षर सुटं. आणि मग एकदम टाइप.

"हात बिघडला की आधी अक्षराला कळतं," ते म्हणाले. "बाई काहीतरी लपवतायत."

"त्या डॉक्टर आहेत. तुम्ही कोण त्यांना सांगणार?"

"मी नाही सांगितलं तर कोण सांगेल? ते अक्षर दुसऱ्या कुणी वाचलंय का?"

भाऊ सदऱ्याच्या बाहीशी झटत होते. बायकोनं पुढे होऊन बटण लावून दिलं. "जा आता. नाहीतर बटणं लावता लावता दवाखाना बंद होईल."

शेवटचा रोगी बाहेर पडेपर्यंत भाऊ बाकावर बसून राहिले. मग आत जाऊन त्यांनी टेबलावर चिठ्ठ्या क्रमानं मांडल्या. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"बाई, लहान तोंडी मोठा घास घेतोय. पण तुमचं अक्षर बदललंय. कुणाला तरी हात दाखवून घ्या. लवकर सापडलेलं बरं असतं, हे तुम्हीच सांगता."

बाईंनी एकेक चिठ्ठी उचलून पाहिली.

"सगळ्या जपून ठेवल्यात?"

"अक्षर कुणी टाकून देतं का?"

बाई थोडं हसल्या. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"आधी मला वाटलं, तुमचे डोळे अधू झाले, म्हणून मोठं लिहून पाहिलं. त्यानं काही फरक पडेना. दोनदा निरोप पाठवला, तर तुम्ही म्हणालात, दुकान सोडून कसं येऊ. मग टाइप केलं. त्यावर मात्र तुम्ही भांडायला याल, एवढी खात्री होती."

"पण मी कशासाठी यायचं होतं?"

बाईंनी खण उघडला. आत औषधांची रिकामी पाकिटं होती, काय लिहिलंय ते विचारायला रोग्यांनी आणलेली. बाईंनी ती तारखेनं लावून ठेवली होती. त्यांनी ती भाऊंसमोर एकापुढे एक ठेवली. सगळ्यांवर तेच शब्द होते. पहिल्या पाकिटावर ते टेबलापलीकडूनही वाचता येत होते. शेवटच्यावर, एका कोपऱ्यात, भाऊंच्या हातची मुंग्यांची रांग होती.