चष्म्याला खूण नव्हती

काकू सोफ्यावर टेकल्या आणि बुडाखाली कट्ट असा आवाज झाला. कानाला फोन, पलीकडे परगावचा मुलगा, आणि उशीखाली काकांचा चष्मा. सकाळी तो तिथे लपवला कोणी? काकूंनीच. करावं तसं भरावं, ते हे असं.

"आई, कसला आवाज झाला?"

"काही नाही रे. गुडघा वाजला."

"बाबा काय करतायत?"

"झोपलेत. उठले की चष्मा शोधतील."

"रोजचंच झालंय त्यांचं. दोरी लाव त्या चष्म्याला आणि अडकव गळ्यात. कटकट मिटेल."

फोन ठेवून काकूंनी उशीखालून चष्मा काढला; काडी तुटलेली, काच तडकलेली. कटकट मिटेल म्हणे. याच कटकटीवर आईचा दिवस निघतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

काका जन्मभर छापखान्यात मशीनवर होते. तिथे धडधड एवढी, की तोंडाने बोलून उपयोग नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांचा. तीच सवय घरी आली. चिमूट दाखवली की मीठ. अंगठा ओठांना लावला की पाणी. मनगटावर टिचकी मारली की 'किती हा उशीर'. लग्नानंतर काकूंना आधी हसू आवरायचं नाही. मग एकेक खूण पाठ झाली, आणि तिथेच घात झाला. बोलायला कारणच उरलं नाही. मुलगा होता तोवर घरात गलका तरी असायचा. तो दूर गेला, काका निवृत्त झाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाशिवाय घरात कोणी तोंड उघडेना. काकूंना फार एकटं वाटायचं. नवरा समोर बसलेला, आणि तरी. नको असलेल्या भाजीसाठीसुद्धा त्या भाजीवाल्याशी घासाघीस करत उभ्या राहायच्या. तेवढंच बोलणं.

मग एकदा काकांचा चष्मा खरोखरच हरवला. चष्म्याला खूण नव्हती. मशीनवर असताना त्यांना चष्मा लागतच नव्हता, तर खूण असणार कुठून? दोन बोटांची वर्तुळं करून डोळ्यांना लावली असती तरी काकूंना कळलं असतं, पण तेवढं काही काकांना सुचलं नाही. त्यांना तोंड उघडावं लागलं.

"अगं, माझा चष्मा कुठंय?"

त्या दिवशी दोघं तासभर शोधत होती आणि तासभर भांडत होती. संध्याकाळी काकूंना कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली. दुसऱ्या दिवशी चष्मा जागच्या जागी आणि घर पुन्हा चिडीचूप. तिसऱ्या दिवशी काकूंनी तो हळूच पिठाच्या डब्यामागे सारला.

तेव्हापासून हाच उद्योग. कधी कपड्यांच्या चिमट्यांत, कधी बुटात, एकदा तर फ्रीजमध्ये. मध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता चष्मा सुटतो की काय, अशी काकूंना धास्तीच पडली. पण काका एकटेच जाऊन नवा चष्मा करून आले आणि काकूंचा जीव भांड्यात पडला.

"तुझ्या या घरात माणूस हरवला तरी सापडायचा नाही," काका पलंगाखालून म्हणायचे.

"हरवलाय की. कधीचाच," काकू वरून म्हणायच्या.

"आणि त्या माळ्याच्या कोपऱ्यात जाळं केवढं धरलंय. दिसत नाही का तुला?"

काकू लगबगीने स्टूल आणायच्या. जाळं खरंच असायचं.

पण काल पलंगाखालून उठताना काकांचा तोल गेला. कड धरून ते बराच वेळ उभे राहिले. डोळ्यांनी अधू माणसाला आपण रोज चाचपडायला लावतो, ते का, तर आपल्याला करमत नाही म्हणून. रात्रभर त्यांना स्वतःचीच लाज वाटत राहिली. तरी सकाळी हात पुन्हा उशीखाली गेलाच. जित्याची खोड.

काकूंनी तुटका चष्मा रुमालात गुंडाळला. आत काका घोरत होते. दार हळूच ओढून त्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेल्या.

चष्मेवाल्याने तुकडे उलटसुलट करून पाहिले. "काडी बसेल. काच मात्र नवी घालावी लागणार. झालं काय?"

"रोज हरवतो. आज माझ्याखाली सापडला."

"मग दोरी लावून देऊ का?"

काउंटरवर दोऱ्या लटकत होत्या. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोरी लागली की चष्मा गळ्यात. चष्मा गळ्यात आला की काकांचं तोंड बंद. मग उरलं काय, चिमूट आणि टिचकी. काकूंना रडूच आलं. पण पलंगाची कड धरून उभे राहिलेले काका काही डोळ्यांपुढून हलेनात.

"लाव," त्या म्हणाल्या. "काळी लाव. आणि पक्की बांध."

चष्मेवाल्याने दोरीला हात लावला नाही. तो रुमालातल्या तुकड्यांकडे बघत होता.

"काकू, बोलू की नको कळत नाही. पण याला नंबरच नाही. साधी काच आहे ही, खिडकीला असते तशी. ऑपरेशननंतर मीच डोळे तपासले होते. काकांना लांबचं, जवळचं, सगळं लख्ख दिसतं."

"मग चष्मा कशाला केला त्यांनी?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, काका, तुम्हाला याचा काय उपयोग? तर म्हणाले, 'तू कर रे. घरी हरवायला लागतो.'"